घरबसल्या स्पॅनिश : खर्च शून्य, चिकाटी मात्र हवी!

परदेशी भाषा म्हटली की मोठ्या शहरातला क्लास, महागडी पुस्तके आणि भरमसाट फी डोळ्यांसमोर येते. पण स्पॅनिशसारखी जगभर बोलली जाणारी भाषा आज एक पैसाही न मोजता घरी शिकता येते. विशेष म्हणजे मराठी माणसाला ती वाटते तितकी परकीही नाही.

रविवारची संध्याकाळ. इंदूरमधल्या एका मराठी घरात माद्रिदहून व्हिडिओ कॉल येतो. पडद्यावर पाच वर्षांचा नातू दिसतो. इकडच्या तिकडच्या गप्पा होतात आणि मध्येच तो आईकडे वळून ओरडतो, "तेंगो आंब्रे!"

आजी लगबगीने म्हणते, "अगं बाई! आंबा हवाय का माझ्या राजाला?"

पलीकडे सून हसू लागते. "अहो आई, आंबा नाही. त्याला भूक लागलीय!"

सगळे हसतात, आजीही हसते. पण फोन बंद झाल्यावर तिच्या मनात एक टोचणी राहते. नातवाला भूक लागली, हे कळायलासुद्धा आता मध्ये दुभाषी लागणार का?

असा प्रसंग आज कुठल्याही मराठी घरात घडू शकतो. कुणाचा मुलगा स्पेनमध्ये, कुणाची लेक मेक्सिकोत. कुठे बारावी झालेली मुलगी म्हणते, "मला एखादी परदेशी भाषा शिकायचीय," आणि वडील क्लासच्या फीचा आकडा ऐकून गप्प बसतात. तालुक्याच्या गावी तर असा क्लासच नसतो. अशा वेळी बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात : हे आपल्यासाठी नाही. हा निष्कर्ष घाईचा आहे.

पन्नास कोटींची भाषा

स्पॅनिश ही सुमारे पन्नास कोटी लोकांची मातृभाषा आहे. स्पेन, मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना, पेरू, चिली, क्युबा असे वीस देश ती राजभाषा म्हणून वापरतात. त्यात आफ्रिकेतला विषुववृत्तीय गिनीही आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी ती एक आहे आणि अमेरिकेत इंग्रजीखालोखाल तीच बोलली जाते. पर्यटन, औषधनिर्मिती, संगणक सेवा, अनुवाद अशा क्षेत्रांत स्पॅनिश जाणणाऱ्याला ती उपयोगी पडते. पण नोकरीचा विचार बाजूला ठेवला तरी नातवाशी चार शब्द बोलता येणे हा फायदा काही लहान नाही.

'मला आवडते' म्हणणारी भाषा

आपण परदेशी भाषा नेहमी इंग्रजीच्या खिडकीतून पाहतो. त्यामुळे स्पॅनिश अवघड वाटते. तीच भाषा मराठीच्या दारातून आत जाऊन पाहिली, तर ओळखीचे बरेच काही सापडते.

इंग्रजी माणूस म्हणतो, "मी आंबा आवडतो," म्हणजे आवडण्याची क्रिया 'मी' करतो. आपण म्हणतो, "मला आंबा आवडतो." स्पॅनिश माणूसही नेमके हेच म्हणतो : "मे गुस्ता एल मांगो." आंबे अनेक असतील तर आपण 'आवडतात' म्हणतो, तेथेही क्रियापद बदलते : "मे गुस्तान लोस मांगोस." इंग्रजी विद्यार्थी या रचनेपाशी अडखळतात. मराठी विद्यार्थ्याला तेथे नवीन काहीच शिकायचे नसते, फक्त शब्द बदलायचे असतात.

भूतकाळाचेही तसेच. 'मी गेलो' आणि 'मी जायचो' यांतला फरक आपल्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. स्पॅनिशमध्ये पहिल्यासाठी 'फुई' आणि दुसऱ्यासाठी 'इबा' अशी दोन वेगळी रूपे आहेत. "तू यावंस अशी माझी इच्छा आहे" या वाक्यात आपण 'येतोस' न म्हणता 'यावंस' म्हणतो. स्पॅनिशमध्येही अशा ठिकाणी क्रियापदाचे निराळे रूप येते : "किएरो के बेंगास." व्याकरणाच्या पुस्तकांत या रूपावर पानेच्या पाने खर्ची पडलेली असतात. ती वाचताना आपला विध्यर्थ आठवला तर निम्मी भीती जाते.

'तू' हा शब्द तर उच्चारानेही तूच! आदरार्थी मात्र 'उस्तेद' म्हणायचे. मराठी मूल आईला आणि आजीला 'तू' म्हणते, तसेच स्पेनमधली मुलेही घरच्यांना बहुधा 'तू'च म्हणतात. दोन म्हणजे 'दोस', तीन म्हणजे 'त्रेस', नाव म्हणजे 'नोंब्रे', नवा म्हणजे 'नुएवो', दात म्हणजे 'दिएन्ते'. मराठी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या असल्याचा हा पुरावा आहे.

आणखी एक धागा गोव्यामार्गे आला. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेल्या शब्दांची भावंडे स्पॅनिशमध्ये भेटतात. आपला 'पगार' तेथे 'पागार', म्हणजे पैसे देणे. आपला 'पाव' तेथे 'पान', 'चावी' तेथे 'यावे', 'बालदी' तेथे 'बाल्दे'. मात्र सावध! स्पॅनिशमध्ये 'बाताता' म्हणजे बटाटा नव्हे, रताळे. बटाट्याला स्पेनमध्ये 'पाताता' आणि लॅटिन अमेरिकेत 'पापा' म्हणतात.

उच्चारांतही आपली बाजू भक्कम आहे. स्पॅनिशचे पाच स्वर आ, ए, इ, ओ, उ असे सरळ असतात आणि शब्द बहुतांशी लिहिल्याप्रमाणे वाचला जातो. तिच्यातले 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे असतात. इंग्रजीच्या सवयीने 'टोमाटे' म्हणू नये, 'तोमाते' म्हणावे. लिहिलेला 'एच' मुका असतो, म्हणून नमस्कारासाठी 'ओला' म्हणायचे, 'होला' नाही. मेहनत लागते ती 'र'च्या थरथरीसाठी. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा'. जीभ नीट थरथरली नाही, तर अर्थाचा अनर्थ होतो.

फुकट वेगळे, मुक्त वेगळे

आता साधनांकडे वळू. येथे एक फरक समजून घ्यायला हवा. मोबाइलवरची अनेक ॲप 'फुकट' असतात. त्यांचा खर्च जाहिरातींतून निघतो, काही धडे पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत आणि मालकाने उद्या नियम बदलले तर आपण काही करू शकत नाही. 'मुक्त' साहित्य निराळे असते. त्यावर प्रताधिकार नसतो किंवा त्याच्या कर्त्यानेच ते वापरण्याची परवानगी आधी देऊन ठेवलेली असते. २००१ साली स्थापन झालेल्या 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या संस्थेने अशा परवान्यांचे नमुने तयार केले. प्रताधिकार नसलेला धडा आपण छापू शकतो, महिला मंडळात वाटू शकतो, त्याचे मराठी भाषांतरही करू शकतो. परवान्याच्या साहित्यात काय चालते, ते परवान्यातच लिहिलेले असते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या 'फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट'चे अभ्यासक्रम. परदेशी नेमणुकीवर जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी ते १९५० आणि ६० च्या दशकांत तयार झाले. अमेरिकी सरकारने केलेल्या कामावर त्या देशात प्रताधिकार नसतो, म्हणून ही पुस्तके आणि त्यांच्या ध्वनिफिती आज कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. 'स्पॅनिश बेसिक कोर्स'मध्ये ५५ धडे आहेत. संवाद ऐका, म्हणा, एकेक शब्द बदलून पुन्हा म्हणा, असा त्याचा खाक्या आहे. भाषा जुन्या वळणाची आहे आणि सराव कंटाळवाणाही वाटतो. पण पाढे पाठ करताना तरी कुठे मजा येत होती? जीभ वळते ती अशानेच.

ज्यांना पाठांतराचा धसका आहे, त्यांच्यासाठी 'लँग्वेज ट्रान्स्फर' हा ध्वनिरूप अभ्यासक्रम आहे. मिहालिस एलेफ्थेरिऊ या शिक्षकाने तो तयार केला असून देणग्यांवर चालतो. त्यात शिक्षक आणि एक विद्यार्थी यांचे संभाषण असते. प्रश्न विचारला की आपण ध्वनिमुद्रण थांबवायचे, स्वतः उत्तर द्यायचे आणि मग पुढे ऐकायचे. स्पॅनिशसाठी असे ९० छोटे पाठ आहेत. काही लिहायचे नाही, घोकायचे नाही. पोळ्या लाटतानाही ऐकता येते; फक्त उत्तर मोठ्याने द्यायचे, घरचे हसले तरी!

'ड्युओलिंगो' हे ॲप बहुतेकांनी ऐकलेले असते. ग्वाटेमालात जन्मलेले लुईस फॉन आन आणि त्यांचे सहकारी सेवेरीन हाकर यांचे हे ॲप २०१२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. रोजची सवय लागायला ते चांगले. पण त्यातले गुण मिळवणे म्हणजे भाषा येणे, असा गैरसमज करून घेऊ नये.

विसरण्यावर उपाय

काल पाठ केलेला शब्द आज आठवत नाही, ही प्रत्येकाची तक्रार. चाळिशी-पन्नाशीतल्या मंडळींना तर वाटते की आता आपली बुद्धी चालत नाही. वास्तविक विसरणे हा स्मरणशक्तीचा धर्मच आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. शिकलेले सुरुवातीला भराभर विसरले जाते, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो आणि थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर ते टिकते, असे त्यांना आढळले.

'आंकी' ही मुक्त संगणकप्रणाली याच तत्त्वावर चालते. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आठवले तर ते कार्ड काही दिवसांनी पुन्हा येते, नाही आठवले तर लवकर येते. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर ते मोफत आहे. आयफोनवरच्या अधिकृत ॲपला मात्र पैसे पडतात. फोन नको असेल तर जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे मागचे भाग कापून कार्डे करावीत आणि चार डब्यांत ठेवावीत. पहिल्या डब्यातली रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने, चौथ्यातली महिन्याने पाहावीत. आठवलेले कार्ड पुढच्या डब्यात, विसरलेले पुन्हा पहिल्या डब्यात.

कार्डावर प्रश्न मराठीतून लिहावा. बहुतेक मोफत साधने इंग्रजीतून शिकवतात, हे खरे. त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्यांना संकोच वाटतो. पण मधली इंग्रजी जितकी लवकर बाजूला सारता येईल तितके बरे. 'तातोएबा' या मुक्त वाक्यसंग्रहात स्पॅनिशबरोबर मराठी वाक्येही मोठ्या संख्येने आहेत. ती स्वयंसेवकांनी घातलेली असल्याने अधूनमधून चूक असू शकते, एवढे ध्यानात ठेवावे. शब्दाबरोबर त्याचे लिंगही पाठ करावे. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा 'ला मानो' स्त्रीलिंगी. तीन लिंगे सांभाळणाऱ्या आपल्याला दोन सांभाळणे जड जाऊ नये!

रोजचा पाऊण तास

किती दिवस लागतील? अमेरिकेच्या त्याच संस्थेच्या अनुभवानुसार इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्याला कामकाजापुरती स्पॅनिश यायला वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास लागतात. रोज पाऊण तास धरला तर ६०० तासांना ८०० दिवस होतात, म्हणजे दोन वर्षांहून थोडे अधिक. 'तीस दिवसांत स्पॅनिश' अशी जाहिरात दिसली तर हा हिशेब आठवावा. पण साध्या घरगुती गप्पा त्याच्या कितीतरी आधी जमू लागतात.

पाऊण तासाची वाटणी अशी करता येईल : पंधरा मिनिटे नवा धडा, दहा मिनिटे कार्डे, पंधरा मिनिटे नुसते ऐकणे आणि उरलेली पाच मिनिटे मोठ्याने बोलणे. रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. थेंबे थेंबे तळे साचे, ते उगीच नाही.

ऐकण्यासाठी साधनांची वाण नाही. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाने ऑस्टिन येथून प्रसिद्ध केलेल्या 'स्पॅनिश प्रोफिशिएन्सी एक्सरसाइजेस'मध्ये वेगवेगळ्या देशांचे लोक एकाच विषयावर आपापल्या ढंगात बोलताना दिसतात. थोडी प्रगती झाल्यावर 'रेडिओ आंबुलान्ते'वरच्या लॅटिन अमेरिकेतल्या सत्यकथा ऐकाव्यात. त्यांची संहिताही वाचायला मिळते. 'लिब्रिवॉक्स'वर स्वयंसेवकांनी वाचलेली प्रताधिकारमुक्त पुस्तके आहेत. शब्दांच्या अर्थासाठी १७१३ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश राजअकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर मोफत पाहता येतो.

लहान मुलांना बरोबर घेतले तर दुधात साखर. सेर्वान्तेस संस्थेच्या आभासी केंद्रावर मुलांसाठी 'मी मुंदो एन पालाब्रास' हा चित्रमय अभ्यास आहे. उरुग्वेत जन्मलेले लेखक ओरासियो किरोगा यांच्या १९१८ सालच्या 'क्वेन्तोस दे ला सेल्वा' या पुस्तकातल्या जंगलच्या गोष्टी लहानमोठ्या सर्वांना आवडतील. आणि पुढे कधी जुनी स्पॅनिश वाचण्याची हौस आली, तर 'कालिला ए दिम्ना' जरूर पाहावे. १२५१ मध्ये अरबीतून स्पॅनिशमध्ये आलेले हे पुस्तक म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपले पंचतंत्र आहे! त्यातले कालिला आणि दिम्ना म्हणजे आपलेच करटक आणि दमनक.

वर्ध्याचा माणूस मेक्सिकोत

मराठी माणूस आणि स्पॅनिश यांचे नाते नवे नाही. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२० च्या दशकात मेक्सिकोला पोहोचले. गदर चळवळीत भाग घेतल्यामुळे मायदेशी परतण्याची वाट बंद होती. तेथे त्यांनी चापिंगो येथील शेतकी विद्यालयात शिकवले, मक्यावर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. त्यांचे विद्यार्थी आणि शेतकरी स्पॅनिश बोलणारे होते. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. २०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांचा पुतळाही उभा राहिला. हाताशी ॲप नव्हते, ध्वनिफिती नव्हत्या. चाळिशीच्या आसपास, परक्या देशात, त्यांनी नव्या भाषेत आयुष्य मांडले. "या वयात आता काय भाषा शिकायची?" असे म्हणणाऱ्यांनी त्यांची आठवण ठेवावी.

मोफतच्या मर्यादा

फुकट साधने सर्व काही देतात, असे मात्र नाही. आपली चूक दाखवून देणारा माणूस त्यांत नसतो. यावर उपाय म्हणजे भाषेची देवघेव. स्पॅनिश बोलणाऱ्याला आपण इंग्रजी किंवा हिंदीचा सराव द्यायचा, त्याने आपल्याला स्पॅनिशचा. वेळ मात्र पाहावी लागते. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा मेक्सिको शहरात त्याच दिवशीचे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. स्पेन हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. अनोळखी माणसाला घरचा पत्ता, फोटो वा बँकेची माहिती देऊ नये आणि पैशांची गोष्ट निघाली की बोलणे तेथेच थांबवावे. मुलांनी अशा गप्पा मोठ्यांच्या देखत माराव्यात. जवळ कुणी मिळालेच नाही, तर आपले बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून मूळ धड्याशी ताडून पाहावे.

दुसरी मर्यादा प्रमाणपत्राची. नोकरी किंवा प्रवेशासाठी मान्यताप्राप्त परीक्षा द्यावी लागते आणि तिची फी भरावी लागते. सेर्वान्तेस संस्थेची 'देले' परीक्षा 'ए-१' ते 'सी-२' अशा सहा पातळ्यांवर होते आणि तिच्या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. या संस्थेचे केंद्र नवी दिल्लीत आहे. अनुवादक वा प्राध्यापक व्हायचे असेल, तर दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ किंवा हैदराबादचे इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ यांसारख्या संस्थांमधले रीतसर शिक्षण हवे. तेथपर्यंत जायचे की नाही, हे ठरवण्याआधी सहा महिने घरी शिकून पाहावे. भाषा मनात रुजली तर पुढचा खर्च वाया जाणार नाही, नाही रुजली तर फीची रक्कम वाचली!

तिसरी अडचण सर्वांत मोठी : कंटाळा. पहिला उत्साह ओसरला की सहाव्या-सातव्या आठवड्यात वही कपाटात जाते. म्हणून एकट्याने शिकण्यापेक्षा घरातल्या कुणाला तरी जोडीला घ्यावे. आजी आणि नात, आई आणि मुलगी, नवरा आणि बायको, कुणीही चालेल. चहाच्या वेळी एकच नियम : पाच वाक्ये स्पॅनिशमध्ये. चुकली तरी चालतील.

सुरुवात आजच करता येईल. "ओला" म्हणजे नमस्कार. "कोमो एस्तास?" म्हणजे कशी आहेस, कसा आहेस? "मे यामो" म्हणजे माझे नाव, आणि पुढे आपले नाव जोडायचे. "मे गुस्ता एल ते" म्हणजे मला चहा आवडतो. "ग्रासियास" म्हणजे आभारी आहे. पहिल्या दिवसाला एवढे पुरे.

इंदूरच्या त्या आजीसारखी एखादी आजी ही पाच वाक्ये आठवडाभर घोकेल. पुढच्या रविवारी फोन येईल. नातू पुन्हा म्हणेल, "तेंगो आंब्रे!" या वेळी सून काही बोलण्याआधीच आजी विचारेल, "भूक लागली होय रे? के किएरेस? काय हवं तुला?" पडद्यावरचे ते पाच वर्षांचे पोर क्षणभर आपल्या आजीकडे बघतच राहील.